लिंक दिली म्हणजे माहिती दिली?

मित्रांनो, विषय जरा किचकट आहे. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण यात तुमच्या आजा-पणज्याचे कागद अडकलेत.

2023 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. मराठवाड्यातली निजामकाळातली दप्तरं बाहेर निघाली, मोडी आणि उर्दूतल्या नोंदी तपासल्या गेल्या, स्कॅन झाल्या, जिल्ह्याजिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. मोठं काम झालं, नाकारत नाही. पण संगणकावर चढलेला कागद लोकांच्या हातात उतरतो का, हे कोण बघणार?

आपल्याच जिल्ह्यातल्या एका कार्यालयानं (नाव मुद्दाम घेत नाही) अशाच जुन्या कागदांची गुगल ड्राइव्हची लिंक व्हॉट्सॲपवर सोडली. पहिल्या दिवशी दाबली, तर म्हणे परवानगी मागा. मागितली. दुसऱ्या दिवशी कागद दिसला, पण डाउनलोड होईना. तिसऱ्या दिवशी सांगितलं, या फाईलचा कोटा संपला. कार्यालयात विचारलं तर उत्तर आलं, "तुमचा मोबाईल जुना असंल."

साहेब, मोबाईल जुना नाही. एकच फाईल थोड्या वेळात फार लोकांनी उतरवली की ड्राइव्ह ती अडवून धरतं, कधी कधी 24 तासांपर्यंत. अकरा तालुक्यांना एकच लिंक देणं म्हणजे अख्ख्या जत्रेला एक रांजण आणि एक तांब्या. त्यात सगळे कागद एकाच फोल्डरात कोंबलेले. अख्खं फोल्डर मागितलं की ड्राइव्ह आधी त्याची झिप बांधत बसतं, आणि डोंगरपट्ट्यात रेंज गेली की अर्धी उतरलेली झिप वाया. परवानगीचं तर विचारूच नका. लिंक ज्याच्याकडं आहे त्याला उघडता यावी, ही सेटिंग करायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. ते न करता लिंक फिरवायची म्हणजे दाराला कुलूप लावून आमंत्रण द्यायचं.

आपल्या बाजूचं असतं तेवढं आपण बघावं. लिंक व्हॉट्सॲपमधून उघडली असेल तर ती कॉपी करून क्रोममध्ये टाका. फोनवर दोन-तीन जीमेल असतील तर नेमकं कोणतं चालू आहे ते पाहा, नाहीतर एकाला मिळालेली परवानगी दुसऱ्या खात्यावर शोधत बसाल. फोल्डर मागू नका, एकेक फाईल उतरवा. आणि सकाळच्या शुभेच्छांचे फोटो जरा काढून टाका राव, फोनमध्ये जागाच नसेल तर गुगल तरी काय करणार! पण कोटा आणि परवानगी या दोन गोष्टींवर तुमच्या-माझ्याकडं काहीही इलाज नाही. ते लिंक देणाऱ्याच्याच हातात.

यात मरतो कोण? दिवाळीच्या आगेमागे आपली हजारो कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. लेकराच्या प्रवेशासाठी, प्रमाणपत्रासाठी कागद लागला तर फडावरच्या कोपीत बसून, उसन्या चार्जिंगवर हीच लिंक दाबतात. तिथून तहसीलला हेलपाटा घालायचा तर दिवसाची मजुरी गेली, गाडीभाडं गेलं, वर मुकादमाची बोलणी. तारीख निघून गेली तर जबाबदार कोण, लिंक?

2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 वाचा. माहिती लोकांनी मागायच्या आधी स्वतःहून द्यायची, आणि देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात पोहोचण्याचा सगळ्यात परिणामकारक मार्ग ध्यानात घ्यायचा, असं त्यात आहे. तीन दिवस न उतरणारी फाईल यातल्या कोणत्या शब्दात बसते, ते साहेबांनीच सांगावं.

मला जास्त धास्ती वेगळीच आहे. ही फोल्डरं कुणाच्या खात्यावर आहेत? कंत्राटी ऑपरेटरच्या खाजगी जीमेलवर असतील तर उद्या त्याचं कंत्राट संपलं, त्यानं जागा करायला फोल्डर उडवलं, की 30 दिवसांनी कचरापेटीतूनही गायब. फुकटच्या खात्याला जागाच मुळात 15 जीबी, त्यातच मेल, त्यातच फोटो. दोन वर्षं खातं उघडलं नाही तर गुगल ते काढूनही टाकू शकतं. मूळ दप्तर आहे म्हणा, पण ते पुन्हा उकलून स्कॅन कोण करणार?

मागणी साधी आहे. कागद सरकारी सर्व्हरवर ठेवा. गावनिहाय छोट्या फायली करा. ज्याला नेट जमत नाही त्याला तहसीलमध्ये पेनड्राइव्हवर किंवा छापून द्या. सोमवारी हे निवेदन देतोय. कुणाला अशी लिंक उघडली नसेल तर कमेंटमध्ये गाव, तालुका आणि पडद्यावर आलेला मेसेज जसाच्या तसा लिहा. स्क्रीनशॉट टाकलात तर आपला नंबर आणि ईमेल तेवढा झाका. सगळं निवेदनाला जोडणार आहे.