दूरच्या सालाचा वायदा

देशातील तरुण राज्यकर्त्यांकडे दीर्घ पल्ल्याचे राष्ट्रीय धोरण मागतात, तेव्हा त्यांच्या हाती २०४७ हे साल ठेवले जाते. साल म्हणजे नियोजन नव्हे. पंचवार्षिक योजनांत दोष पुष्कळ होते. तिसरी तर इतकी कोलमडली की १९६६ ते १९६९ योजनेलाच सुट्टी द्यावी लागली. परंतु उद्दिष्टे आकड्यांत छापलेली असत, म्हणूनच अपयशाचा जाब विचारता येई. २०१७ मध्ये बारावी योजना संपली. तेरावी आलीच नाही. २०२२ च्या जूनमध्ये सैन्यातील चार वर्षांच्या भरतीविरुद्ध बिहारचे तरुण रस्त्यावर उतरले. त्याच वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी त्यांना पंचवीस वर्षांचा संकल्प ऐकविण्यात आला! कायम रोजगार किती, कोणत्या उद्योगांत आणि कोणत्या पैशातून, याचा पाच-पाच वर्षांचा लेखी हिशेब तरुणांनी आता मागावा.