तापानंतरचा विद्यार्थी

दीर्घ आजारातून उठलेला मुलगा वर्गात परत येतो तेव्हा त्याचा चेहरा तोच असतो, परंतु कधी कधी स्वभाव तो नसतो. तो चिडतो, पाठ विसरतो. आपण त्यास हट्टी किंवा आळशी ठरवितो. आम्हीही हे केले आहे. आमचे आजचे मत असे की, हा पुष्कळदा शीलाचा दोष नसून आजाराचाच मागे राहिलेला अंश होय.

फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात प्रथम आपल्या वऱ्हाडासच जाणवली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर येथे टाळेबंदी झाली. अकोल्यासही निर्बंध सोसावे लागले. रुग्ण घरी परतला की आपण 'बरा झाला' म्हणून मोकळे झालो. पुढे कित्येकांस झोप येईना, नावे आठवेनात, मन कशातच लागेना.

याचे कारण शरीरातच आहे. रोगजंतूंशी झुंजताना शरीर सायटोकाइन नावाची द्रव्ये सोडते व त्यांचा परिणाम मेंदूवरही होतो. ज्या ट्रिप्टोफॅनपासून मनःस्थितीशी निगडित असे सेरोटोनिन बनते, ते अशा वेळी दुसऱ्याच वाटेने खर्ची पडते. जंतू गेले तरी काही रुग्णांत ही विस्कटलेली घडी लवकर बसत नाही.

ही गोष्ट नवी नाही. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या फॉन एकोनोमो या वैद्याने एका विलक्षण निद्रारोगाचे वर्णन केले. त्यातून वाचलेली कित्येक शांत मुले पुढे मारकुटी व खोटे बोलणारी झाली. त्यांची बुद्धी मात्र बहुधा शाबूत होती. शाळांना ती नकोशी झाली, आणि इंग्लंडात त्यांच्यासाठी रुग्णालयात निराळी सोय करावी लागली. याच रोगाने अनेक वर्षे निश्चल झालेल्या काही रुग्णांस १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे ऑलिव्हर सॅक्स यांनी एल-डोपा हे औषध दिले, तेव्हा ते चालू-बोलू लागले! उणीव इच्छेची नव्हती, डोपामीन या द्रव्याची होती.

आता प्रत्येक आळशास तापाचे निमित्त सापडेल, अशी शंका कोणी घेईल. घेवो बापडे! आजारापूर्वीचा मुलगा ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हा भेद ओळखणे फारसे कठीण नाही.

रजेच्या अर्जात पालक ताप किती दिवस होता एवढेच लिहितात. मुलाच्या झोपेत, बोलण्यात व स्मरणात कोणता फरक पडला, हेही त्यांनी दोन ओळींत कळवावे; फरक टिकला तर डॉक्टरांस दाखवावे. वर्गशिक्षकांनी त्या ओळी वाचून पहिले काही आठवडे त्याचा गृहपाठ निम्मा करावा.