निबंध नको, कोठडी नको, चालायला लावा

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता. जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता, हे तुम्हाला आठवत असेल. गेलेले दोघं माझ्याच पेशातले, त्यामुळे आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एकच सूर: आत टाका, सडू दे.

निबंध ही थट्टाच होती. पण नुसतं आत टाकून काय होतं? मुलगा बाहेर येतोच, आणि येतो तो आतल्या ओळखी घेऊन.

बेल्जियममध्ये ‘ओइकोटेन’ने १९८२ पासून वेगळं काही केलं. त्यावरून बर्नार ओलिव्हिए या पत्रकाराने २००० साली फ्रान्समध्ये ‘सॉय’, म्हणजे ‘उंबरठा’, ही संस्था काढली. एक मुलगा, सोबत एक मोठं माणूस, परक्या देशात सुमारे तीन महिने, दीड हजार किलोमीटरच्या वर पायी. मोबाईल नाही, गाणी नाहीत.

याला लाड म्हणणाऱ्याने डोंबिवलीहून कसाऱ्यापर्यंत चालून दाखवावं. पाय सोलवटले तरी मुक्काम गाठायचा. ज्याच्याशी भांडलो त्याच्याच शेजारी बसून जेवायचं. पळायची संधी रोज असते. रोज न पळणं, हीच खरी शिक्षा आणि हेच शिक्षण.

आपल्याला हे परकं नाही. आळंदी-पंढरपूर अडीचशे किलोमीटर लाखो लोक चालतात. ठाणे-कल्याण पट्ट्यातून साईंच्या पालख्या नाशिक हायवेने शिर्डीला जातात. श्रद्धेची सक्ती नको. मुलगा कुठल्याही धर्माचा असेल. घ्यायची ती मुक्कामाची, पाण्याची, औषधाची व्यवस्था. ती आपल्याकडे तयार आहे.

कायदाही आडवा येत नाही. गुन्हा सिद्ध झाल्यावर मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर ‘योग्य व्यक्ती’च्या ताब्यात देता येतं, असं २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १८ सांगतं. मग ती व्यक्ती त्याच्यासोबत चालणारी का नसावी?

प्रत्येकाला हे लागू पडणार नाही. पीडितांच्या घरच्यांना खटला आणि निकाल मिळालाच पाहिजे. चालणं त्याची जागा घेऊ शकत नाही. पण सुरुवात पोर्शेवाल्यापासून कशाला? कल्याण स्टेशनवर मोबाईल चोरताना सापडलेल्या, महागडा वकील न परवडणाऱ्या पोरापासून करा. ठाणे जिल्ह्यात अशी दहा मुलं निवडा, दहा माणसं तयार करा. पहिला सोबती म्हणून माझं नाव लिहून घ्या.