मंडईचें छप्पर आणि कोपऱ्यावरची पाटी

आमच्या गल्लीच्या तोंडाशीं कित्येक वर्षें एक बाई भाजीची पाटी घेऊन बसत असत. गेल्या पावसाळ्यांत, रहदारीस अडथळा होतो या कारणास्तव त्यांना तेथून उठवावें, असा अर्ज रहिवाशांनीं केला. त्यावर आमच्या घरचीही सही होती, हें वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. बाई उठल्या, गल्ली मोकळी झाली. पण दुसऱ्याच दिवशीं आमच्या मातोश्रींनीं विचारलें, "अरे, त्यांना बसायला दुसरी जागा कोठें दिली?" या साध्या प्रश्नाचें उत्तर सही करणाऱ्यांपैकीं एकापाशींही नव्हतें.

लहान व्यापाऱ्यासाठीं शहराच्या कारभाऱ्यांनीं काय करावें, हा प्रश्न पुण्यास नवा नाहीं. शनिवारवाड्यापुढील पटांगणांत उघड्यावर भरणाऱ्या बाजारासाठीं नगरपालिकेनें मंडईची भव्य इमारत उभारली व ती १८८६ सालीं उघडण्यांत आली. तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तीस देण्यांत आलें. जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळांत नगरपालिकेचे सभासद होते. या खर्चास त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें. पुढें त्याच मंडईस त्यांचें नांव देण्यांत आलें! मंडई उपयोगी ठरली, यांत शंका नाहीं. परंतु सार्वजनिक पैशाचा लाभ अगदीं खालच्या माणसापर्यंत पोंचतो काय, हा त्या विरोधामागील प्रश्न अद्याप शिळा झालेला नाहीं. मंडईच्या छपराखालीं ज्यास गाळा मिळाला तो निर्धास्त झाला. कोपऱ्यावर पाटी मांडणारीनें काय करावें?

तिच्यासाठीं २०१४ सालीं पथविक्रेत्यांचा कायदा झाला. विक्रेत्यांची पाहणी करून त्यांस प्रमाणपत्र द्यावें, पाहणी पुरी होईपर्यंत कोणासही उठवूं नये, व पुढें हलविणें भाग पडल्यास ३० दिवसांची सूचना द्यावी, असें तो सांगतो. या कामीं जी समिती नेमावयाची, तींत विक्रेत्यांचे प्रतिनिधी निदान शेंकडा ४० असावे व त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या, असाही नियम आहे. म्हणजे जिची पाटी, तिलाच बोलण्याचा अधिकार मिळाला.

भांडवलाचीही सोय झाली. २०२० सालीं केंद्र सरकारनें पथविक्रेत्यांकरितां कर्जाची योजना काढली. विक्रेता खरा कोण, हें ठरवून शिफारस करण्याचें काम नगरपालिकांकडे आलें. आरंभीं पहिलें कर्ज १०,००० रुपयांचें होतें. २०२५ मध्यें तें १५,००० करण्यांत आलें. तें फेडल्यावर २५,००० व त्यापुढें ५०,००० रुपये मिळूं शकतात. नियमितपणें हप्ते भरणारास व्याजांत शेंकडा ७ ची सवलत आहे. सावकाराच्या दारीं जाण्यापेक्षां हें शतपटीनें बरें.

तथापि आमच्या मतें यांत क्रम महत्त्वाचा आहे. आधीं जागेची शाश्वती, मग कर्ज. उसन्या पैशानें आणलेला माल एखाद्या सकाळीं जप्तीच्या गाडींत गेला, तर हप्ता कशांतून भरावा? नगरपालिकेनें रस्त्यावर चार हात जागा आंखून देणें, हें स्वस्तांतलें व टिकाऊ साहाय्य होय. रहदारीची अडचण खोटी नसते. पण तिचा उपाय जागा आंखण्यांत आहे, माणूस नाहींसा करण्यांत नाहीं.

आणि नगरपालिकेस दोष देण्यापूर्वीं आपण आपल्या घराकडेही पाहावें. फोनवरून भाजी मागवावयाची आणि पाटीवालीशीं मात्र दोन रुपयांसाठीं घासाघीस करावयाची, ही आपली रीत. कायदा जागा देईल, बँक पैसा देईल. गिऱ्हाईक मात्र आपणच झालें पाहिजे.

आम्हीं दुसरा अर्ज लिहिला आहे. बाईंची पाहणींत नोंद आहे कीं नाहीं तें पाहावें, व गल्लीच्या रुंद बाजूस त्यांना जागा आंखून द्यावी, अशी त्यांत विनंती आहे. पहिल्या अर्जावर सह्या सत्तावीस होत्या. दुसऱ्यावर आजपर्यंत नऊ झाल्या आहेत. त्यांत पहिली मातोश्रींची आहे.