नवसाक्षरांनी वाचायचे काय?

प्रौढ साक्षरतेचा विषय निघाला की आमच्या मराठी विभागांत बहिणाबाईंचे नाव हमखास घेतले जाते. अक्षरओळख नसताना एवढी प्रतिभा, मग साक्षरतेचे स्तोम कशाला, असा त्यामागचा सूर असतो. इतरांनी टिपून ठेवलेल्या त्या कविता 1952 साली, म्हणजे बहिणाबाईंच्या निधनानंतर, ग्रंथरूपाने आल्या, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. परक्या लेखणीवर अवलंबून राहण्यात कसले आले काव्य?

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत हे अवलंबन रोजचे आहे. मराठवाड्यातून किंवा बिहारमधून आलेला कंत्राटी कामगार नेमणूकपत्रावर सही करतो. त्यात काय लिहिले आहे, ते ठेकेदाराचा माणूस सांगेल तेच खरे. यंत्रावरची सूचना, पगारपत्रकातली कपात, भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज, सगळे दुसऱ्याच्या तोंडून. 1948 च्या कारखाने अधिनियमाने सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याचे बंधन घातले होते. ‘समजणारी’ भाषा वाचताही येते, हे कायद्याने गृहीतच धरले!

सरकारी कार्यक्रमांची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. 1959 साली साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. पुढे 1978 चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, 1988 चे साक्षरता अभियान, 2009 चे ‘साक्षर भारत’ आणि आता 2022 ते 2027 या काळासाठीचे ‘उल्लास’. शिकलेली अक्षरे सरावाअभावी पुसली जातात, हा धडा साताऱ्यानेच दिला होता. ‘उल्लास’च्या आराखड्यात जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये, निरंतर शिक्षण असे सारे काही आहे. प्रत्यक्षात गवगवा होतो तो वाचन, लेखन व संख्याज्ञानाच्या 150 गुणांच्या परीक्षेचा. ती उत्तीर्ण झालेल्या बाईने दुसऱ्या दिवशी वाचायचे काय? बालभारतीतली चिमणी? चाळिशीच्या, दोन पाळ्यांत घर चालवणाऱ्या बाईला?

इथे दोष केवळ शासनाचा नाही. नवसाक्षर प्रौढासाठी सोपे, पण पोरकट नसलेले गद्य लिहिणे हे अत्यंत अवघड वाङ्मयीन काम आहे, आणि त्याला आमच्या अभ्यासक्रमात बहुतेक ठिकाणी जागाच नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. ज्या फुले दांपत्याने 1855 साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, त्यांच्यावर आम्ही शोधनिबंधांची चळत रचतो. त्या शाळेची वेळ मात्र कामगाराच्या सोयीने ठरली होती, हे आमच्या ध्यानात येत नाही.

एम. ए. च्या विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून एखादे नेमणूकपत्र देऊन ते नवसाक्षराला स्वतः वाचता येईल अशा मराठीत लिहायला सांगावे, आणि गुण देण्यापूर्वी ते एखाद्या कामगाराकडून वाचवून घ्यावे. हे साहित्याचे काम नव्हे, असा आक्षेप येईल. तो घेणाऱ्या प्राध्यापकांनी तशी दोन पाने आधी स्वतः लिहून दाखवावीत.