मोरसच्या बेटावर

गुजराती घरांत साखरेला ‘मोरस’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसची साखर जहाजांतून मुंबई बंदरात उतरत असे आणि मालाबरोबर बेटाचे नावही बाजारात रुजले. ज्या व्यापारी घराण्यांत हा शब्द पिढ्यानपिढ्या उच्चारला गेला, त्यांची आजची पिढी दिवाळीची सुटी साधून त्याच बेटावर विश्रांतीसाठी उतरते. विमानतळ सोडताच रस्त्याच्या कडेला तिला पहिल्यांदा भेटतो तो ऊसच.

व्यापाऱ्याची विश्रांती ही मुळातच दुर्मीळ गोष्ट. लक्ष्मीपूजनापासून लाभपंचमीपर्यंतचे मोजके दिवस, आणि तेही सहल-कंपनीच्या पत्रकात सकाळ-दुपार-संध्याकाळ असे वाटून टाकलेले. वास्तविक हे बेट जेमतेम पासष्ट किलोमीटर लांब. वाहने आपल्याकडच्याप्रमाणे डाव्या बाजूने चालतात. तेव्हा मोटार भाड्याने घ्यावी आणि निदान दोन दिवस कोणतेही ठिकाण न ठरवता काढावेत, हेच शहाणपणाचे.

त्यातला एक दिवस नैर्ऋत्य किनाऱ्याच्या रस्त्याला द्यावा. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला फिकट निळे पाणी, मध्ये मासेमारांची लहान गावे. माकोंदे येथे तर रस्ता समुद्रात घुसलेल्या खडकाला वळसा घालून जातो. या वाटेवर ल मॉर्न हा 556 मीटर उंचीचा काळा कडा उभा आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या गुहांत लपून राहत. गुलामगिरी 1835 मध्ये संपली. ती बातमी सांगायला आलेल्या शिपायांना पाहून, पुन्हा पकडले जाण्याच्या भयाने काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या, असे लोक सांगतात. कड्याखालच्या पांढऱ्या वाळूवर आज आरामखुर्च्या मांडलेल्या असतात. गुलाम गेले आणि उसाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर आले. 1834 ते 1910 या काळात साडेचार लाखांहून अधिक. त्यांत मराठी माणसेही होती. म्हणून गणेश चतुर्थीला या देशात सार्वजनिक सुटी असते. पोर्ट लुईच्या बंदरावरील आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या पाहिल्याशिवाय परतू नये. मोरसच्या गोडीमागचा हिशेब तेथे दिसतो.

दक्षिणेला ग्रि-ग्रि नावाचा किनारा आहे. येथे लाटा थेट कड्यावर आदळतात आणि पाण्यात उतरण्यास मनाई आहे. बेटाच्या बहुतेक बाजूंना समुद्र तळ्यासारखा शांत असताना येथेच एवढा रुद्र का? कारण बेटाभोवतीची प्रवाळाची तटबंदी येथे तुटली आहे. अन्यत्र मोठ्या लाटा किनाऱ्यापासून दूर, या तटबंदीवर फुटतात. आतले पाणी उथळ आणि निवांत राहते. पांढरी वाळूही बऱ्याच अंशी प्रवाळाचाच चुरा. पोपटमासा चोचीने प्रवाळ खरवडतो आणि त्याच्या पोटातून ती वाळू होऊन बाहेर पडते.

हे सारे डोळ्यांनी पाहायचे तर आग्नेयेकडील ब्लू बे. तोंडावर काचेचा चष्मा आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथे तरंगायचे, एवढेच स्नॉर्केलिंग. पोहता न येणाऱ्यांनी जीवरक्षक जाकीट घालावे. आजी-आजोबांसाठी काचेच्या तळाच्या होड्या आहेतच. खाली मेंदूसारख्या वळ्या असलेले प्रवाळ, त्यांच्या फटींतून पिवळे-काळे मासे. जे दगडासारखे दिसते ती असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत असते. त्यांच्या शरीरात राहणारे शैवाल त्यांना अन्न पुरवते. पाणी फार तापले की शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि उष्णता लांबली तर मरते. दमल्यावर त्यावर पाय टेकणे म्हणजे वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडणे. तोंडी ‘जयणा’ असणाऱ्या घरातील मुलांना हे दोनदा सांगावे लागू नये. अंगाला मलमे फासण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. प्रवाळालाही तो मानवतो.

या खाडीला जवळच, 25 जुलै 2020 रोजी, ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज प्रवाळावर रुतले. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन इंधन तेल समुद्रात सांडले. तेव्हा बेटावरच्या लोकांनी कोणाची वाट पाहिली नाही. कापडी पिशव्यांत उसाचे पाचट भरून त्यांनी लांबलचक तरंगते बांध शिवले आणि तेल अडवले. काहींनी त्यासाठी डोक्यावरचे केसही कापून दिले.

जेवणाचे थोडक्यात. रस्त्यावर मिळणारी ‘धोल पुरी’ म्हणजे आपलीच डाळपुरी, भारतीय मजुरांनी नेलेली. सोबतच्या टोमॅटोच्या रस्स्यात मात्र कांदा-लसूण असतो, तेव्हा आधीच सांगावे. नोव्हेंबरात सूर्य साडेसहाच्या आत मावळतो आणि अनेक हॉटेलांत रात्रीचे जेवण त्यानंतरच मांडले जाते. चौविहार पाळणाऱ्यांनी खोली ठरवतानाच वेळेचे पक्के करून घ्यावे.

आणि एक घड्याळाचे. मॉरिशस भारताच्या दीड तास मागे आहे. ल मॉर्नच्या किनाऱ्यावर सूर्य पाण्याला टेकतो तेव्हा इकडे दुकान वाढवायची, गल्ला मोजायची वेळ झालेली असते. फोन नेमका तेव्हाच वाजतो.