बी. एड. आणि हजेरीचे व्यापारी



घरातील पहिली पदवी हाती आली की 'बी. एड. कोठे करावे?' हा प्रश्न उभा राहतो, आणि उत्तर घेऊन दलाल दारी हजर असतो. "वर्गात येण्याचे कारण नाही, परीक्षेपुरते या," असे तो सांगतो, आणि आपली शहाणीसुरती माणसे यास सवलत समजतात! राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला, शाळेतील प्रत्यक्ष अनुभव किमान २० आठवड्यांचा ठरविला व त्यास ९० टक्के उपस्थिती आवश्यक केली. ते आठवडे ज्याने फळ्यापुढे काढलेच नाहीत, तो शिकविणे शिकणार कोणाच्या मुलांवर? आपल्याच वस्तीतील मुलांवर! धनिकांची मुले त्याच्या वर्गात यावयाची नाहीत.

शिवाय पहिली ते पाचवीस शिकवावयाचे असल्यास बी. एड. चालत नाही, डी. एल. एड. लागते, सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी तसा निर्णय दिला. दलाल हे कशाला सांगेल?

धर्मांतराने सवलती गेल्या, अशी भीती अजूनही काही घरांत घातली जाते. १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींतील बौद्धांचा तो हक्क मान्य झाला आहे. तेव्हा शिष्यवृत्ती मागताना मान खाली घालू नका. पैसे भरण्यापूर्वी परिषदेची मान्यता व विद्यापीठाची संलग्नता यांचे कागद पाहावयास मागा. जो दाखविण्यास कुरकुरेल, त्याच्या दारातून तत्काळ माघारी फिरा.